साळुंके बाई सोशिक नव्हत्या

गेल्या महिन्यात आमच्या पडेगावच्या शाळेत नव्या प्रयोगशाळेचं उद्घाटन झालं. दारावर संगमरवरी पाटी, 'कै. विमल साळुंके प्रयोगशाळा'. फीत संस्थेच्या सचिवांनी कापली. त्यांना सगळे दादासाहेब म्हणतात. मग भाषणं झाली. एकजण म्हणाले, बाई अत्यंत सोशिक होत्या. दुसरे म्हणाले, त्यांच्या तोंडून तक्रारीचा शब्द कधी निघाला नाही. एक नव्या शिक्षिका, ज्यांनी साळुंके बाईंना कधी पाहिलंही नव्हतं, त्यांना मायेचा झरा म्हणाल्या. मी माजी मुख्याध्यापक म्हणून व्यासपीठावर बसलो होतो, भर उन्हाळ्यात अंगावर शाल घेऊन. प्रत्येक भाषणाला मी टाळ्या वाजवल्या.

घरी आल्यावर मला माझ्या हातांचा राग आला.

दोन दिवसांनी स्मरणिकेसाठी लेख मागायला एक तरुण शिक्षक आला. भला मुलगा आहे. म्हणाला, "सर, बाईंची एखादी गोड आठवण द्या. जास्त नको, एक पानभर." मी त्याला चहा दिला आणि परत पाठवलं. साळुंके बाईंची गोड आठवण माझ्याकडं एकही नाही. आहेत त्या सगळ्या रागाच्या. त्यांच्या रागाच्या, आणि आता या वयात, माझ्या.

तर आधी हे लिहून ठेवतो. साळुंके बाई सोशिक नव्हत्या. त्या तक्रार करत, मोठ्यानं करत, तोंडावर करत. त्यांना गप्प बसवायला आम्ही काय काय केलं हे मला माहीत आहे, कारण त्यातलं बरंचसं माझ्या हातून झालं.

बाई लासूर स्टेशनच्या. घरची शेती, भाऊ आडतीवर. विज्ञानाची पदवी घेऊन आमच्या शाळेत आल्या तेव्हा पडेगाव शहराच्या पोटात जायला निघालं होतं. दौलताबादच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी ज्या रानात आदल्या वर्षी बाजरी उभी होती तिथं चुन्याच्या रेघा पडल्या होत्या आणि प्लॉटच्या पाट्या लागल्या होत्या. गंगापूर-वैजापूरकडची कोरडी गावं सोडून आलेली माणसं त्या प्लॉटांवर घरं बांधत होती, स्वतः मात्र पत्र्याच्या खोल्यांत राहत होती. त्यांची मुलं आमच्या शाळेत येत. वर्गात बाकं कमी आणि मुलं जास्त. मुलींसाठी स्वच्छतागृह होतं, पण त्यात पाणी नसे. आणि विज्ञानाचं साहित्य होतं एका लोखंडी कपाटात, कुलूप लावलेलं.

बाईंचा बांधा बुटका, पदर कायम खोचलेला, अंबाड्यात पेन्सिल आणि पर्समध्ये काडेपेटी. त्या काडेपेटीवरून स्टाफरूममध्ये विनोद चालत. आमचे कवायतीचे सर एकदा म्हणाले, "बाई, विडी-बिडी ओढता का काय?"

"व्हय," बाई म्हणाल्या. "तुम्हालाबी देते एक. पण आधी सांगा, काडी घासली की पेटते, म्हणजे नेमकं काय व्हतं?"

सर हसले. बाई हसल्या नाहीत. त्या खरोखर उत्तराची वाट बघत उभ्या राहिल्या. शेवटी सर चहा सांगायला म्हणून बाहेर गेले ते तास संपेपर्यंत आलेच नाहीत.

आणखी एक सवय होती. पाण्याचा पेला हातात आला की त्या तो उजेडाकडं धरून बघत, मगच पीत. कुणाच्याही घरी. माझ्या मुलीच्या लग्नात भर मांडवात त्यांनी पेला असा वर धरला आणि नेमकं आमच्या व्याह्यांनी ते पाहिलं. मी ओशाळून म्हणालो, "बाई, पाणी विकतचं आहे."

"विकतचं म्हंजे तपासलेलं असतं का, सर?"

असं बोलायची जागा कुठली, वेळ कुठली, हे त्यांना कळत नसे असं मला तेव्हा वाटे. आता वाटतं, त्यांना नीट कळत होतं.

माणूस म्हणून त्या सोप्या नव्हत्या. चूक कबूल करणं त्यांना जमत नसे. एकदा प्रयोगात आम्ल सांडून एका मुलीचा गणवेश जळाला. तिची आई भांडायला आली. बाईंनी तिलाच अर्धा तास आम्ल म्हणजे काय ते समजावलं आणि दुसऱ्या दिवशी गुपचूप नवा गणवेश मुलीच्या दप्तरात ठेवला. 'चुकलं' हा शब्द मात्र काढला नाही. पण मुलांवर मी त्यांना कधी चिडलेलं पाहिलं नाही. विचारलं तर म्हणत, "पोरांवर चिडायला राग उरायला तर पाहिजे. सगळा तुमच्यावरच खर्च व्हतो."

त्या कपाटाची गोष्ट सांगतो. बाई आल्या त्याच वर्षीची. खंडेनवमीला आमच्याकडं यंत्रपूजा होई. शिपाई टाइपरायटरला, घंटेला, शिलाई मशीनला हळदकुंकू वाही, झेंडूची माळ घाली. विज्ञानाच्या कपाटालाही घाली. कुलूप न काढता. आम्ही सगळे हात जोडून उभे. नारळ फुटला, खोबरं वाटलं, आणि मागून बाईंचा आवाज आला, "सर, ह्ये कपाट हाय का देव्हारा?"

मी म्हणालो, "बाई, पूजा आहे. नंतर बोलू."

"देव्हारा असंल तर दार उघडा. देवाला कुणी कोंडून ठेवतं का?"

किल्ली माझ्याकडं होती. साहित्य फुटलं तर जबाबदार कोण, या भीतीनं माझ्या आधीच्या मुख्याध्यापकांनी ते बंद ठेवलं होतं, आणि त्यांनी ठेवलं म्हणून मी ठेवलं होतं. तपासणीला अधिकारी आले की उघडायचं, धूळ झटकायची, पुन्हा बंद करायचं. त्या दिवशी सगळ्यांसमोर मला किल्ली द्यावी लागली. माळ तोडूनच दार उघडलं. आत परीक्षानळ्या अजून मूळच्या कागदात गुंडाळलेल्या होत्या. सूक्ष्मदर्शकाच्या भिंगाला बुरशी आली होती. बाईंनी तो दोन्ही हातांनी बाहेर काढला, खिडकीपाशी नेऊन बघितला आणि तसाच टेबलावर ठेवला. बोलल्या काहीच नाहीत. मी त्यांना गप्प राहिलेलं पाहिलं ते फार थोड्या वेळा. त्यातली ती पहिली.

पुढच्या तपासणीला अधिकाऱ्यांनी फुटलेल्या नळ्यांकडं बोट दाखवलं. "बाई, फार नुकसान आहे."

"साहेब, खडू बी झिजतो की. वर्षाच्या शेवटी खडू अख्खा राहिला तर त्या मास्तराला शाबासकी देता का?"

अधिकारी माझ्याकडं बघू लागले. मी जमिनीकडं.

आता आमच्या पद्धतीबद्दल. प्रयोग शिकवण्याची एक रीत आमच्याकडं होती, आणि ती आमच्या एकट्याच्या शाळेची होती असं मी म्हणणार नाही. शिक्षक फळ्यावर सगळं लिहून देत. उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, निष्कर्ष. मुलं उतरवून घेत. आकृतीतलं चंचुपात्र इतकं सुबक काढत की बघत राहावं, पण खरं चंचुपात्र हातात दिलं तर कुठून धरायचं ते कळत नसे. निरीक्षण आधी लिहून व्हायचं, निष्कर्षही आधी लिहून व्हायचा, आणि प्रयोग राहून जायचा. परीक्षेत सगळ्यांना भरभरून गुण. यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. मलाही नाही. आमचं घराणं निजामाच्या वेळेपासून कारकुनीतलं. वरून आलेला कागद होता तसा उतरवायचा, हे आमच्या हाताला बुद्धीच्या आधी येतं.

बाईंनी पहिल्याच तासाला फळ्यावरच्या शेवटच्या दोन ओळी पुसल्या. "ह्या दोन जागा मोकळ्या ठेवा रे. ह्या माझ्या नाहीत, पुस्तकाच्या नाहीत. तुमच्या हायेत. दिसलं ते लिहा."

दिसलं ते लिही. हे वाक्य शाळेत दिवसातून किती वेळा ऐकू येई! व्हरांड्यातून जाताना मला त्याचा कंटाळा यायचा.

लिटमसचा प्रयोग चालला होता. आमच्याकडचे लिटमस कागद सर्दावलेले, जुने. ज्योती नावाच्या मुलीनं वहीत लिहिलं, 'कागदाला काहीच झालं नाही.' गवंड्याची मुलगी, अंगानं किरकोळ, बोलायला धीट. शेजारच्या तुकडीच्या सरांनी ते वाचून तिच्या वहीवर लाल फुली मारली. बाईंनी ती वही घेतली आणि सरळ माझ्या खोलीत आल्या. मागं ज्योती.

"सर, हिच्या कागदाला काय झालं नाय. मग हिनं काय लिहावं? पुस्तकातल्या कागदाला काय झालं त्ये?"

मी म्हणालो, "पण बाई, परीक्षेत काय लिहील ती?"

"परीक्षेत चांगला कागद द्या. मग चांगलं लिहील."

ज्योतीकडं वळून म्हणाल्या, "तुझं बरोबर हाय. जा." ती मुलगी पळत गेली. मग बाईंनी सर्दावलेले सगळे कागद फेकून दिले आणि हळदीत बुडवलेलं फडकं वाळवून त्याच्या पट्ट्या केल्या. साबणाच्या पाण्यात त्या लालभडक व्हायच्या. पोरं घरी जाऊन आयांच्या पदरावरचे हळदीचे डाग साबणानं लाल करून दाखवू लागली.

गेलेले बल्ब आणून, त्यांची टोपणं कापून त्यांचे चंबू बनवायच्या. दवाखान्यातून सलाइनच्या नळ्या आणायच्या, उकळून घ्यायच्या. तुम्ही म्हणाल, किती कौतुकाची गोष्ट! कार्यक्रमातही एका वक्त्यांनी याचं फार कौतुक केलं. 'शून्यातून विश्व' असं काहीतरी म्हणाले. बाईंना असलं कौतुक अजिबात खपत नसे. त्यांचं ठरलेलं उत्तर होतं, "मला बल्बचा चंबू करता येतो म्हणून तुम्ही खरा चंबू घेत नाय. बल्ब जाळून टाकला पाहिजे होता मी." दर वर्षी त्या साहित्याची मागणी करत, दर वर्षी संस्था म्हणे पुढच्या वर्षी बघू. त्याच वर्षांत संस्थेनं शाळेला नवी कमान बांधली.

मग लागोपाठ दुष्काळाची वर्षं आली. बोअर आटले. शहरात नळाला किती दिवसांनी पाणी येईल याचा नेम नव्हता आणि पडेगावच्या आमच्या भागात तर नळच नव्हते. सगळं टँकरवर. टँकर दादासाहेबांचे. त्यांच्याच एका विहिरीवर भरायचे, प्लॉटवाल्यांना विकायचे, आणि शाळेची टाकी ते फुकट भरून देत. त्याबद्दल पालकसभेत त्यांचा सत्कारही झाला होता. मीच हार घातला होता.

त्या उन्हाळ्याच्या तोंडावर बाईंनी नववीच्या वर्गाला पाण्याचा प्रयोग दिला. आरोग्य केंद्रात तपासणीच्या छोट्या काचेच्या बाटल्या मिळतात. आत औषध लावलेली कागदाची पट्टी असते. खुणेपर्यंत पाणी भरायचं, उबेला ठेवायचं, आणि पाण्यात घाण मिसळली असेल तर एक-दोन दिवसांत पाणी काळं पडतं. बाईंनी ओळखीच्या नर्सकडून त्या आणल्या. मुलांनी एका बाटलीत उकळलेलं पाणी भरलं, एकीत शाळेच्या टाकीचं. फडक्यात गुंडाळून पत्र्याच्या पेटीत ठेवल्या. निरीक्षण आणि निष्कर्ष या जागा मोकळ्या.

पेटी उघडली तेव्हा उकळलेल्या पाण्याची बाटली होती तशी होती. टाकीची काळी झाली होती. शाईसारखी.

बाईंनी लगेच आरडाओरडा केला नाही, हे मुद्दाम लिहितो, कारण पुढं त्यांच्यावर तोच आरोप झाला. त्यांनी पुन्हा पाणी भरायला लावलं. या वेळी एक बाटली टाकीची आणि एक थेट टँकरच्या पाइपची. दोन्ही काळ्या झाल्या. मग त्या बाटल्या हातात घेऊन माझ्या खोलीत आल्या, माझ्या टेबलावर ठेवल्या. "सर, टाकी आजच्या आज रिकामी करा. ह्या पाण्यानं पोरं मरतील."

मी टाकी रिकामी केली नाही. मी दादासाहेबांना फोन केला.

ते संध्याकाळी आले. पांढरे कपडे, अंगाला अत्तर. बाटल्या त्यांनी हातातही घेतल्या नाहीत. बाईंना म्हणाले, "ताई, लोक घागरीसाठी डोकी फोडून घेताहेत. मी फुकट पाणी देतो. आणि तुम्ही त्यात खोट काढता?"

"दादासाहेब, फुकट देता म्हणून घाण द्यायची का? तुमच्या विहिरीला नाला किती लांब हाय त्ये मला ठाऊक हाय. मी जाऊन बघून आले."

"तुम्हाला विज्ञान शिकवायला ठेवलंय का माझ्या विहिरी मोजायला?"

"ह्येच तर विज्ञान हाय!"

दादासाहेब हसले. त्यांचं ते हसणं कार्यक्रमात फीत कापतानाही तसंच होतं. बाई गेल्यावर मला म्हणाले, "कुलकर्णी सर, पोरांनी घरी जाऊन सांगितलंय. बायका टँकर अडवताहेत. उद्या बाईंना शिक्षण कार्यालयात कुठल्या तरी कामाला पाठवा, आणि तुम्ही स्वतः वर्गात जा. वह्या नीट करून घ्या. तुम्ही समजूतदार आहात."

मला निवृत्तीला थोडीच वर्षं राहिली होती. पेन्शनचे कागद संस्थेतून जायचे होते. ही कारणं खरी आहेत, पण कारणं आहेत म्हणून गोष्ट लहान होत नाही.

दुसऱ्या दिवशी बाई शहरात कामाला गेल्या आणि मी नववीच्या वर्गात गेलो. खडू घेतला. माझं अक्षर चांगलं आहे, सगळे म्हणतात. मोकळ्या ठेवलेल्या दोन जागा मी भरल्या. निरीक्षण: पाण्याच्या रंगात बदल झाला नाही. निष्कर्ष: पाणी पिण्यास योग्य आहे. म्हणालो, "उतरवून घ्या."

पेनं चालू लागली. ज्योती उभी राहिली.

"सर, बाटली तर काळी झाल्ती."

"ती बाटली जुनी होती. मुदत संपलेली."

"मग दुसऱ्या बी जुन्याच व्हत्या का? आन् उकळलेल्या पाण्याची कशी काय काळी नाय झाली?"

वर्ग थांबला. कुणी हसलं नाही. सगळे माझ्याकडं बघत होते आणि मला माहीत होतं की या मुलीचा प्रश्न बिनतोड आहे. मी मुख्याध्यापक होतो. मी म्हणालो, "जास्त शहाणपणा नको. खाली बस."

ती बसली. क्षणभर फळ्याकडं बघत राहिली. मग तिनं मान खाली घातली आणि लिहून घेतलं.

ती लिहिणार नाही असं मला वाटलं होतं. तिनं लिहिलं. माझ्या डोळ्यांसमोर आजही तिची खाली गेलेली मान येते, दादासाहेब नाहीत, बाई नाहीत.

बाई परतल्या तेव्हा फळा तसाच होता. त्यांनी तो पुसला नाही. माझ्या दारात उभ्या राहिल्या, आत आल्या नाहीत.

"अक्षर सुंदर हाय तुमचं, सर."

मी काहीतरी म्हणालो. परिस्थिती, संस्था, असं काहीतरी.

"मला काढून टाकलं असतं तरी चाललं असतं. माझ्या पोरांच्या डोळ्यांत माती कशाला टाकली?" आवाज चढलेला होता, बाहेर शिपाई ऐकत होता. "त्यांच्याकडं दुसरं काय हाय? घर नाय, पाणी नाय, बाकडं नाय. दोन डोळे हायेत. त्ये बी तुम्ही घेतले."

दुसऱ्या दिवसापासून त्या घरून स्टोव्ह आणि मोठं पातेलं घेऊन येऊ लागल्या. सकाळी लवकर येऊन पाणी उकळायच्या, गाळायच्या, पोरांना पाजायच्या. शाळेच्या सगळ्या मुलांना पुरणं शक्यच नव्हतं. मग संस्थेचं पत्र आलं की वर्गात स्टोव्ह पेटवणं धोक्याचं आहे. ते पत्र मी त्यांना दिलं. त्यांनी वाचलं आणि स्टोव्ह बाहेर लिंबाखाली मांडला. पंधरवड्याच्या आत दुसरं पत्र आलं. प्रशासकीय सोयीसाठी त्यांची बदली शेंद्र्याच्या पलीकडं संस्थेच्या दुसऱ्या शाळेत. तिथं लोखंडी कपाटही नव्हतं.

जाताना त्यांनी मला किल्ली परत दिली. "घ्या. आता कुलूप लावा. पूजा करा."

त्या उन्हाळ्यात आमच्या भागात कावीळ आली. शाळेतली बरीच मुलं आजारी पडली. ती सगळी आमच्याच पाण्यानं पडली असं मी सिद्ध करू शकत नाही. बाई असत्या तर त्यांनी तपासलं असतं. ज्योती कितीतरी दिवस घाटीच्या सरकारी दवाखान्यात होती. वाचली. पण अशक्त झाली, दहावीचं वर्ष बुडालं, आणि बुडालेलं वर्ष तिच्या घरच्यांनी पुन्हा वर काढलं नाही. मग एका रविवारी शाळा बंद असताना टाकी गुपचूप धुतली गेली. तळाशी काय निघालं ते बघायला मी गेलो नाही. बोलावलं होतं, तरी गेलो नाही.

हे सगळं त्या कार्यक्रमात कुणी बोललं नाही. नव्या प्रयोगशाळेत काचेची कपाटं आहेत, त्यांत नवं साहित्य आहे, आणि कपाटांना कुलपं आहेत. मी तरुण शिक्षकाला विचारलं, किल्ल्या कुठं असतात? म्हणाला, "ऑफिसात, सर. पोरं फोडतात ना." बाईंचा फोटो मधल्या कपाटावर ठेवला होता. त्याला झेंडूची माळ होती.

बाईंना मी शेवटचं पाहिलं ते माझ्या निवृत्तीनंतर, लासूर स्टेशनला. त्याही निवृत्त होऊन माहेरच्या घरी राहत होत्या. मी न कळवता गेलो. अंगणात खुर्ची टाकली, पाणी दिलं. मी पेला घेतला आणि प्यायलो.

"बघितलं नाय," त्या म्हणाल्या.

"काय?"

"पाणी. तुम्ही कधीच बघत नाय, सर."

थकल्या होत्या. पाय सुजलेले, अंबाडा पांढरा, पण पेन्सिल होती. मी जे सांगायला गेलो होतो ते सांगायला सुरुवात केली, की बाई, त्या दिवशी वर्गात मी जे केलं... त्यांनी मध्येच तोडलं.

"माझी माफी मागून काय उपेग? मला तर ठाऊकच व्हतं बाटली काळी झाली म्हणून. मला तुम्ही कुठं फसवलं? फसवलं त्या पोरीला. ज्योती शेंद्र्याच्या एका कंपनीत लायनीवर हाय. पोर झालीय तिला. मागं भेटली. म्हणते, बाई, तवा माझ्याच नजरेचा घोळ झाला असंल." बाईंचा आवाज पुन्हा तसाच चढला, शेजारचं दार उघडलं. "ऐकताय ना? तिला वाटतंय तिला नीट दिसलं नव्हतं! एवढ्या वर्षांनी! जा आन् तिला सांगा. मला नका सांगू."

मी म्हणालो, जातो.

मी गेलो नाही. पडेगावहून शेंद्रा म्हणजे शहराचं दुसरं टोक, बस बदलावी लागते, गुडघे दुखतात, असं स्वतःला सांगत राहिलो. बाई गेल्याची बातमी आली तेव्हाही मी गेलेलो नव्हतो. आता त्या कपाटावरच्या फोटोत आहेत, सोशिक, हसतमुख, माळ घातलेल्या, आणि मला विचारणारं कुणी उरलेलं नाही.

म्हणून हे लिहिलं. स्मरणिकेला देणार नाही, तिथं ते छापणारही नाहीत. याची प्रत घेऊन मी येत्या सोमवारी शेंद्र्याला जाणार आहे. तिच्या कंपनीच्या गेटवर उभा राहीन. ती मला ओळखेल की नाही, ओळखून बोलेल की नाही, माहीत नाही. न बोलण्याचा तिला पुरा हक्क आहे. मला एवढंच म्हणायचं आहे की ज्योती, तुला बरोबर दिसलं होतं. तिन्ही बाटल्या काळ्या झाल्या होत्या. मीही पाहिल्या होत्या.

त्या दिवशी लासूरला बाई मला स्टेशनपर्यंत पोचवायला आल्या होत्या. नको म्हणालो तरी आल्या, सुजल्या पायांनी, माझ्या पुढंच चालत. गाडी आली. मी खिडकीशी बसलो आणि हात वर केला. त्यांनी बघितलं नाही. फलाटावरच्या नळाशी एक बाई लेकराला पाणी पाजायला बाटली भरत होती. साळुंके बाईंनी तिच्या हातातून ती बाटली काढून घेतली, वर धरली, आणि डोळे बारीक करून उजेडात बघू लागल्या. ती बाई त्यांच्यावर खेकसत होती. गाडी हलली तेव्हा दोघी भांडत होत्या.